पावलांत न मोजले जाणारे कष्ट

बोरिवलीहून सकाळची लोकल पकडायची, चर्चगेटला उतरायचं, दिवसभर खुर्चीत बसून काम करायचं आणि संध्याकाळी तसंच उलट यायचं. रात्री मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, तर जेमतेम तीन-चार हजार पावलं. घड्याळाच्या हिशेबी दिवसभर फारसं काही घडलेलंच नसतं. मान, खांदे आणि पोटऱ्या मात्र वेगळंच सांगत असतात.

चौथ्या सीटवर बसणाऱ्यांना हे कोडं जास्त चांगलं ठाऊक आहे. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायचं म्हणजे एकच मांडी बाकावर, दुसरी अधांतरी. एक पाय वाटेत घट्ट रोवलेला, हात समोरच्या बाकाच्या दांडीवर. अंधेरीला ही जागा मिळाली की हायसं वाटतं आणि उतरेपर्यंत कंबर बोलू लागते. बसून दमायला होतं, ते का?

घड्याळातला सेन्सर फक्त हालचाल टिपतो. वेग बदलला, दिशा बदलली, की त्याला कळतं. पण स्नायूचं काम हालचाल करणं नसून जोर लावणं आहे. तो जोर लावल्यावर कधी हाडं हलतात, कधी हलत नाहीत. लोकलच्या हँडलला धरलेला हात तासभर जागच्या जागी असतो, तरी बोटं मिटून ठेवणारे कोपराखालचे स्नायू तासभर ओढ धरून असतात. चौथ्या सीटवर कंबर सरळ ठेवणारे एका बाजूचे स्नायू गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला उत्तर देत राहतात. या कष्टांचा हिशेब पावलांत होत नाही. तो करायचा तर स्नायूलाच विचारावं लागतं.

स्नायूतली वीज

स्नायूला विचारता येतं, कारण काम करताना तो वीज निर्माण करतो. प्रमाण अगदी सूक्ष्म असतं, पण ती मोजता येते.

स्नायू म्हणजे केसाहून बारीक अशा हजारो तंतूंचा जुडगा. प्रत्येक तंतूच्या आत आणि बाहेर क्षारांचं प्रमाण वेगळं असतं. त्यामुळे विश्रांतीत असलेल्या तंतूचा आतला भाग बाहेरच्या मानाने ७० ते ९० मिलिव्होल्टने ऋण असतो. मज्जारज्जूतून निघालेली चेतापेशी तंतूच्या मध्याजवळ येऊन पोचते. तिचा संदेश आला की तंतूच्या आवरणातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि या उलथापालथीची एक लाट मध्यापासून दोन्ही टोकांकडे सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने धावते. लाट गेली की तंतू आखडतो.

एक चेतापेशी एकाच तंतूला हुकूम देत नाही. तिच्या हाताखाली तंतूंचा एक गट असतो आणि तो सगळा गट एकदमच कामाला लागतो. अशा गटाला चालक घटक म्हणतात. डोळा फिरवणाऱ्या नाजूक स्नायूत एका चेतापेशीकडे दहाएक तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराहून जास्त. जोर वाढवायचा तर मेंदूकडे दोनच उपाय आहेत: आणखी गट कामाला लावणं, किंवा कामावरच्या गटांना अधिक वेगाने हुकूम पाठवणं.

या सगळ्या लाटांची बेरीज चरबी आणि कातडी ओलांडून वर येते, तेव्हा तिचं मोजमाप काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत असतं. ती कातडीवर टिपण्याच्या पद्धतीला इलेक्ट्रोमायोग्राफी, थोडक्यात ईएमजी, म्हणतात.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथक खाली रस्त्यावर आहे आणि आपण तिसऱ्या मजल्यावर खिडकी लावून बसलो आहोत, असं समजा. आत येणाऱ्या घुमण्यावरून पथक मोठं आहे की छोटं, जोरात वाजवतंय की दमलंय, हे नक्की कळतं. नेमका कोणता ढोल कोण वाजवतोय, हे कळत नाही. भिंत जाड असेल तर आवाज बारीक येतो. कातडीखाली चरबी जास्त असेल तर संकेतही तसाच क्षीण येतो. शेजारच्या गल्लीतून दुसरं पथक निघालं तर दोन्हींचे आवाज मिसळतात. शेजारच्या स्नायूची वीजही तशीच आपल्या मापात शिरते. ईएमजीची ताकद आणि मर्यादा दोन्ही यात आल्या.

पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली

या क्षीण संकेताला पहिला शत्रू आपल्या भिंतीतल्या वायरिंगमध्येच आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि आपलं शरीर तिची कुजबुज सतत झेलत असतं. उपनगरी लोकलच्या डोक्यावरून तर २५,००० व्होल्टची तार जाते, तीही ५० हर्ट्झचीच. स्नायूंचा संकेत साधारण २० ते ४५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणजे हा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येऊन बसतो.

तोडगा वजाबाकीचा आहे. स्नायूवर एक नव्हे, दोन चकत्या जवळजवळ लावतात. बाहेरून आलेला गोंगाट दोन्हींवर जवळपास सारखाच पडतो. स्नायूतली लाट मात्र आधी एकीखालून जाते आणि मग दुसरीखालून. एकीतून दुसरी वजा केली की सारखं ते बहुतांशी कटतं आणि वेगळं ते उरतं.

दुसरा शत्रू हालचालीचा. पाऊल आपटलं, कातडी ताणली गेली, चकती किंचित सरकली, की मोठा खोटा धक्का नोंदला जातो. असे धक्के बहुतांशी २० हर्ट्झच्या खाली असतात, म्हणून तिथपर्यंतचा भाग गाळून टाकतात. तिसरा शत्रू घाम. जूनमध्ये घाटकोपर स्टेशनवर मेट्रोच्या जिन्यावरून लोकलच्या फलाटाकडे गर्दीतून उतरलेल्या माणसाच्या पाठीवर पट्टी चिकटून राहील का, याची खात्री कोणी देऊ नये. चिकटपट्टी सुटते, आणि दोन चकत्यांमध्ये घामाचा थर जमला तर संकेत त्या थरातूनच वाट काढतो आणि मोजमाप कमी भरतं. दमट हवेतल्या माणसांसाठी यंत्र बनवायचं तर पहिली परीक्षा इथेच घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

*चौकट: चकती कुठे आणि कशी लावतात?*

*मान-खांद्याचा स्नायू घेऊ, ट्रॅपेझियस. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथपासून खांद्याच्या टोकाच्या हाडापर्यंत रेघ कल्पायची आणि तिच्या मध्यावर चकत्या लावायच्या. आधी केस काढतात आणि स्पिरिटने कातडी पुसतात. चकत्या चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या असतात. दोन्हींच्या केंद्रांत २० मिलिमीटर अंतर, आणि रांग स्नायुतंतूंच्या दिशेने. हे ठोकताळे युरोपातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात 'सेनियाम' या प्रकल्पात ठरवले.*

*मग त्या व्यक्तीला पूर्ण ताकदीने खांदा वर रेटायला सांगतात. तेव्हा मिळालेला आकडा म्हणजे १०० टक्के. दिवसभराची मापं या कमाल जोराच्या टक्क्यांत मांडतात, कारण दोन माणसांचे नुसते मायक्रोव्होल्ट शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.*

फोडावरच्या कातडीपासून शिवलेल्या चड्डीपर्यंत

बेडकाच्या पायात वीज खेळते, हे इटलीतल्या बोलोन्याच्या लुईजी गाल्वानीने १७९१ साली छापून प्रसिद्ध केलं. माणसाच्या हातातली वीज बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमों याने १८४९ मध्ये टिपली. कातडी विजेला अडवते हे लक्षात आल्यावर त्याने हातावर फोड आणवला, वरची कातडी काढली आणि उघड्या जागेतून मोजमाप घेतलं. संकेत स्पष्ट झाला. वेदनेची किंमत मोजून का होईना, कातडीचा अडथळा किती मोठा आहे हे त्याने दाखवून दिलं.

पुढची शंभर वर्षं हे काम प्रयोगशाळेच्या टेबलापाशीच अडकलं होतं. शरीरातली वीज मोजत माणूस बाहेर फिरू शकतो, हे अमेरिकेच्या नॉर्मन हॉल्टरने हृदयाच्या बाबतीत दाखवलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पाठीवर घेतलेलं यंत्र सुमारे ३८ किलोंचं होतं. आज हृदयरोगाच्या दवाखान्यात 'हॉल्टर लावा' म्हणतात, ते त्याच यंत्राचं छोटं रूप. स्नायूंच्या बाबतीत उशीर झाला, कारण त्यांचा संकेत जलद बदलतो. सेकंदाला किमान हजार वेळा माप घ्यावं लागतं. दहा तासांत एका स्नायूची ३ कोटी ६० लाख मापं होतात. ती साठवणारं यंत्र आणि त्याला पुरेल अशी बॅटरी अंगावर पेलण्याइतकी लहान व्हायला गेली काही दशकं लागली. मग चकत्यांच्या जागी कापडातच विणलेले चांदीयुक्त धागे आले आणि चिकटपट्ट्यांऐवजी नुसती घट्ट चड्डी घालून घराबाहेर पडता येऊ लागलं.

मांडी गप्प, मान जागी

अशाच चड्ड्या घालायला देऊन फिनलंडमधल्या य्युव्हास्क्युला विद्यापीठाच्या संशोधकांनी ८४ सामान्य माणसांच्या मांड्यांचा दिवस मोजला. निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ११ तासांच्या नोंदीत मांडीचे स्नायू जवळजवळ ६७ टक्के वेळ निष्क्रिय होते. दिवसभराची सरासरी कमाल जोराच्या फक्त ४ टक्के. ताशी ५ किलोमीटरने चालायला सुमारे १० टक्के लागतात. म्हणजे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू साध्या चालण्याइतकंही काम बहुतेक वेळ करत नव्हते. ही माणसं आजारी नव्हती. त्यांचा हा रोजचा दिवस होता.

याच्या शेजारी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास ठेवला की विचार करावासा वाटतो. हाड्झा शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात आढळलं की तेही दिवसाचे सुमारे १० तास विसावलेले असतात, शहरी माणसाइतकेच. फरक बसण्याच्या पद्धतीत होता. ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, आणि खुर्चीत बसण्यापेक्षा उकिडवं बसताना पायांचे स्नायू ठळकपणे अधिक जागे असल्याचं ईएमजीत दिसलं. आपल्या आज्या विळीवर भाजी चिरायला, जात्यावर दळायला जमिनीवरच बसत होत्या. ती बैठक सोडताना मांड्यांना मिळणारं थोडंसं, सतत चालणारं काम आपण सोडून दिलं, याची जाणीव ठेवायला हवी.

आता खुर्चीतल्या त्याच शहरी माणसाच्या मानेकडे वळू. इथे गोष्ट अगदी उलटी आहे.

अंधेरी पूर्वेला सीप्झ आहे. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी स्थापन झालेला हा विभाग आज दागिन्यांच्या कामासाठीही ओळखला जातो. अंगठीच्या कोंदणात हिऱ्याचा खडा बसवणाऱ्या कारागिराला पाहा. हातातलं वजन काही ग्रॅम. डोळ्यावर भिंग, कोपर बाजूला उचललेले, खांदे किंचित वर, मान खाली. बोटं सूतभर सरकतात, बाकी शरीर स्थिर. पावलं मोजणाऱ्या यंत्राला इथे काहीच दिसणार नाही. पण हात हवेत धरून ठेवायचा तर ट्रॅपेझियसला सतत थोडी ओढ धरावीच लागते.

थोडी म्हणजे किती चालते? १९६० मध्ये जर्मनीच्या वाल्टर रोमर्टने मांडलेल्या आलेखावरून बरीच वर्षं असा समज होता की कमाल जोराच्या १५ टक्क्यांखालची ओढ माणूस हवा तितका वेळ धरू शकतो. कामाच्या जागी मोजमापं सुरू झाली तसा हा आकडा ढासळत गेला. स्वीडनच्या बेंग्ट यॉनसनने १९७८ मध्ये सुचवलं की दिवसभराच्या कामात स्नायूवरचा सततचा भार २ टक्क्यांवर जाऊ नये आणि ५ टक्क्यांच्या पुढे तर कधीच नको. पाच टक्के म्हणजे जाणवणारही नाही इतकं. तरी दुखतं.

का दुखतं, याचं एक पटणारं स्पष्टीकरण स्वीडनच्या यॉरान हेग यांनी १९९१ मध्ये दिलं. स्नायूचे गट ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात: लहान, चिवट गट आधी, मोठे नंतर. सुट्टी मिळते ती उलट्या क्रमाने. त्यामुळे हलक्या पण न थांबणाऱ्या कामात तेच ते लहान गट सकाळी पहिल्यांदा रुजू होतात आणि शेवटपर्यंत सुटत नाहीत. एकूण स्नायू निवांत दिसतो, त्यातले काही तंतू मात्र थकून गेलेले असतात. या कल्पनेला त्यांनी परीकथेतल्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या सिंड्रेलाचं नाव दिलं. ती आजही गृहीतकच आहे, पण तिच्या बाजूने बोलणारं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं.

नॉर्वेत कारखान्यात माल भरणाऱ्या स्त्रियांच्या ट्रॅपेझियसची नोंद बो व्हायर्स्टेड आणि सहकाऱ्यांनी घेतली. त्यांनी जोर किती याऐवजी स्नायू किती वेळा पूर्ण गप्प होतो हे मोजलं. जोर अर्ध्या टक्क्याखाली गेला आणि सेकंदाच्या पाचव्या भागाइतका तरी तिथे टिकला, की ती एक फट. एवढी छोटी फट बाहेरून दिसतही नाही. काम सगळ्यांचं एकच होतं, पण ज्यांच्या नोंदीत अशा फटी कमी होत्या, त्यांच्यात मान-खांदा दुखण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

म्हणजे खुर्चीत बसलेल्या एकाच माणसाच्या शरीरात एकाच वेळी दोन टोकं असतात. मांडीला काम हवं असतं आणि ते मिळत नाही. मानेला सुट्टी हवी असते आणि ती मिळत नाही. 'आज किती हालचाल झाली' या एका आकड्यात ही दोन्ही दुखणी हरवून जातात.

गप्प म्हणजे विसावलेला, असं नाही

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग स्नायू गप्प असला की झालं. तसंही नाही.

लादी पुसताना कंबरेतून पूर्ण वाकणाऱ्या बाईंच्या पाठीवर चकत्या लावल्या तर काय दिसेल? लंडनच्या फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकात हे तपासलं. माणूस वाकू लागला की कण्याच्या बाजूचे स्नायू जोरात कामाला लागतात. पण पूर्ण खाली वाकल्यावर ते अचानक शांत होतात. भार नाहीसा झालेला नसतो. तो आता मणक्यांमधल्या अस्थिबंधांवर आणि ताणलेल्या ऊतींवर जाऊन पडलेला असतो. पडद्यावरची सरळ रेघ पाहून पाठीला आराम मिळतोय असं म्हणणं चूक ठरेल.

कान्हेरीच्या लेण्यांवरून उतरतानाही असंच फसायला होतं. चढताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो, उतरताना लांबत जाऊन शरीराला रोखतो. लांबताना तेवढ्याच जोरासाठी कमी गट पुरतात, म्हणून ईएमजीचा आकडा लहान येतो. पण तोच भार थोड्या तंतूंवर पडल्याने त्यांना इजा अधिक होते. सवय नसेल तर लेण्यांवरून घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या चढण्यामुळे कमी आणि उतरण्यामुळे जास्त.

म्हणूनच ईएमजी एकटं पुरत नाही. शरीर कोणत्या स्थितीत आहे हे सांगणारा हालचालीचा सेन्सर सोबत असला, तरच गप्प रेघेचा अर्थ लागतो.

पवईत गोंगाटाचा उपयोग

शरीरातली वीज आणि हालचाल हे दोन धागे जोडण्याचं एक सुंदर उदाहरण उपनगरांतच आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत दोन हजारनंतरच्या दशकात 'सिलिकॉन लॉकेट' या नावाने हृदयाचा आलेख अंगावर बाळगता येईल असं छोटं यंत्र विकसित करण्यात आलं. चालत्या-फिरत्या माणसाच्या आलेखात हालचालीचा गोंगाट मिसळतो. तो काढून टाकणं हीच सगळ्यांची धडपड असते. सुभाषिस चौधुरी, तन्मय पवार आणि सिद्धार्थ दत्तगुप्त यांनी त्या गोंगाटालाच प्रश्न विचारला: हा कुठून आला? हात हलवताना उठणारा गोंगाट चालतानाच्या गोंगाटाहून वेगळा असतो, जिना चढतानाचा आणखी वेगळा, कंबर वळवतानाचा आणखी वेगळा. गणिताने त्यांची ओळख पटवून, आलेख घेताना माणूस काय करत होता हे सांगता येतं, असं त्यांनी दाखवलं. २००९ मध्ये यावर त्यांचं पुस्तकही आलं. डॉक्टरांच्या दृष्टीने हे मोलाचं आहे, कारण नाडी ११० वर गेली ती जिना चढताना की बसल्या जागी, यावर पुढचे सगळे निर्णय अवलंबून असतात.

हृदयाच्या आलेखात स्नायूंची वीज हा गोंगाट. पाठीच्या किंवा छातीच्या ईएमजीत हृदयाचा ठोका हा गोंगाट. शरीर सगळं एकदमच बोलतं. आपल्याला काय हवंय त्यावर संकेत आणि गोंगाट ठरतात.

सांगून सुटेल का?

स्नायूला फट मिळत नाही हे मोजता आलं, तर त्या माणसाला तिथल्या तिथे सांगता येईल का? नेदरलँड्समध्ये हर्मन्स आणि सहकाऱ्यांनी खांद्यांवरून घालायचा असा पट्टा करून पाहिला. दर दहा सेकंदांत ट्रॅपेझियस किमान २० टक्के वेळ विसावला नाही, तर पट्टा थरथरून आठवण देतो. मान-खांदा दुखणाऱ्या स्त्रियांनी तो काही आठवडे कामावर घातला आणि दुखणं कमी झालं. पण ज्यांना पट्टा न देता फक्त बसण्याची पद्धत, टेबलाची उंची, कामातल्या विश्रांतीबद्दल नीट सल्ला दिला होता, त्यांचंही दुखणं जवळपास तितकंच कमी झालं.

मला हा निकाल निराशाजनक वाटत नाही. यंत्राने दाखवून दिलं की मानेला सुट्टी लागते, अगदी सेकंदाच्या काही भागाची, पण वारंवार. ती द्यायला प्रत्येक खांद्यावर महागडा पट्टा हवाच असं नाही. खडे बसवणाऱ्याच्या कोपराखाली टेकू, शिलाईयंत्रापुढच्या स्टुलाची योग्य उंची, मुलुंडच्या दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या मुलीला गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल. मोजमापाचं खरं काम अशा टेकूने ट्रॅपेझियसची रेघ खरोखर खाली येते का, हे पाहण्याचं आहे. आली, तर मालकासमोर ठेवायला 'खांदा दुखतो' या तक्रारीसोबत एक आकडाही असेल.